सहाशे रुपयांची खुर्ची : अमळनेरच्या एका अभ्यासिकेविषयी

स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्याला एक गल्ली फुटते. खाली औषधांचं दुकान, शेजारी झेरॉक्सवाला, वरचे दोन मजले अभ्यासिका. नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही येणार आहेत आणि गाव लहान आहे, मालकांशी रोज जिन्यात गाठ पडते. तशाही अमळनेरला आता अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्या आहेत, त्यामुळे यातलं निम्मं तुमच्या गावच्या अभ्यासिकेलाही लागू पडेल, मग ते चोपडा असो, पारोळा असो की शहादा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २००६ साली तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले, सध्या चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. राज्यात टीईटी सुरू झाली २०१३ ला, आम्ही लागलो त्याच्या कितीतरी आधी, म्हणून आजवर आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सअॅप गटावर आधी रडणारे चेहरे आले, मग याचिकेसाठी वर्गणीचा आकडा आला, आणि रात्री उशिरा कुणीतरी पहिली पीडीएफ टाकली. २३ नोव्हेंबर २०२५ ला पेपर ठरला. दीडशे प्रश्न, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला नव्वद गुण लागतात. घरी दोन मुलं, सासूबाई आणि सासूबाईंच्या मालिका. म्हणून ही अभ्यासिका.

आता मिळतं काय ते सांगते. कूलरच्या हॉलचे महिन्याला सहाशे, एसीच्या हॉलचे नऊशे. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, दोन फोटो द्यायचे आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर एकदा उभं राहायचं. मग प्लायवूडच्या आडोशाची एक जागा आपली. डोक्यावर एलईडीची पट्टी, बाजूला चार्जिंगचा पॉइंट, बाटली ठेवायला खाच. मुलींचा हॉल वेगळा, पहिल्या मजल्यावर, सकाळी सहा ते रात्री आठ. मुलांचा दुसऱ्या मजल्यावर, तो रात्री बारापर्यंत उघडा असतो. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, पण तो फक्त दिवे आणि वायफाय चालवतो, कूलर नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याचा अर्थ काय होतो ते खान्देशातल्या माणसाला समजावायला नको. पिण्याच्या पाण्याचा जार दुपारी दोनला संपतो आणि चारला येतो. लॉकर हवा असेल तर पन्नास रुपये वेगळे.

वायफायबद्दल एवढंच म्हणेन की सकाळी उत्तम, दुपारी बरं आणि संध्याकाळी सात वाजता, सगळ्या चॅनलांवर लाइव्ह तास सुरू झाले की, मान टाकतं. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाची म्हणून सुरू झालेली एक कंपनी पुढे विप्रो झाली आणि जगभर संगणकाची कामं करू लागली, हे इथल्या प्रत्येक पोराला सामान्य ज्ञानाच्या प्रश्नात पाठ आहे. उत्तर बरोबर येतं, व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. नाइलाजाने सगळे आपापला डेटा वापरतात.

मग पैसे कशाचे? पहिल्या आठवड्यात मला हाच प्रश्न पडला होता. तास फुकट, नोट्स फुकट, मागच्या प्रश्नपत्रिका फुकट, बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट. शिकण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं खिशातल्या फोनमध्ये आहे. तरी ही साठ पोरं-पोरी, ज्यांच्यातल्या कित्येकांच्या बापाला कापसाच्या भावाचा घोर लागलेला आहे, ती महिन्याला सहाशे रुपये मोजतात आणि वर प्रतीक्षा यादी असते.

एक कारण घर आहे. दोन खोल्या, त्यात ढोर-गुरांचं, चुलीचं, पाहुण्यांचं. पण ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे तीही इथेच येतात. माझ्या शेजारी बसणारी मुलगी, नर्सिंगच्या भरतीची तयारी करणारी, एकदा डबा खाताना म्हणाली, "घरी फोन हाती घेतला तर मी रील बघते ते कुणाला दिसत नाही. इथं मागून ताई बघतात ना." मागच्या ताई म्हणजे मी. मी कधीच बघत नाही, माझं मला पुरे झालंय. पण कुणीतरी बघत असेल या धाकावर तिचा अभ्यास होतो, आणि खरं म्हणजे माझाही तसाच होतो. जुन्या काळी आपण क्लासला पैसे द्यायचो ते शिकवण्याचे, आणि बसवून ठेवणं त्यात आपोआप यायचं. आता शिकवणं इंटरनेटवर गेलं, आणि बसवून ठेवण्याचं काम वेगळं निघून त्याचा धंदा झाला. वाईट धंदा नाही हा. मालकांना मी त्यासाठी पूर्ण गुण देते.

मालकांविषयी दोन ओळी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, वय पस्तिशीचं असेल. पुण्याला राहून स्पर्धा परीक्षांची तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, मग परत आले आणि वडिलांच्या जागेवर हे सुरू केलं. जे पुण्याला खोली, मेस आणि क्लासमध्ये घातलं ते इथल्या पोरांना घालावं लागू नये असं ते सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ते खोटं वाटत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं, तिथून हे सगळं पालटलं. त्याआधी खेड्यातल्या मुलापुढे दोनच वाटा होत्या : पुणं, नाहीतर बाजारातलं एखादं गाइड. आता पुण्यातलेच सर रोज संध्याकाळी मारवडच्या किंवा कळमसऱ्याच्या पोराच्या हातात येऊन बसतात. मुलींच्या बाबतीत तर हा फरक आणखी मोठा आहे. पुण्याला पाठवायला जे बाप कधीच तयार झाले नसते, ते अमळनेरला पाठवतात, कारण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि आठच्या आत पोरगी घरी येते. कॉलेजात होते तेव्हा माझ्या वर्गातल्या किती मैत्रिणींना एवढं मिळालं असतं तर, हा विचार मी इथे मुद्दाम फार करत नाही.

तरी फोन सगळ्यांचा स्वतःचा आहे असं समजू नका. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १८ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. आमच्या हॉलमध्ये मुली त्याहून वयाने मोठ्या आहेत, तरी भावाचा फोन घेऊन येणाऱ्या दोघीतिघी आहेतच. भाऊ शेतात असेल तोवर फोन हिच्याकडे. तो परत आला की लेक्चर अर्धं राहतं, पुढचं उद्या. एकीने तर तासाचा नुसता आवाज मेमरी कार्डात भरून साध्या फोनवर ऐकायची सोय केली आहे, आकृत्या शेजारणीच्या वहीतून काढते.

आता अभ्यासिकेतली सर्वांत चांगली गोष्ट. हॉलच्या दाराशी खणांचं एक लोखंडी कपाट आहे, खणाला नंबर. सकाळी सहा ते साडेआठ फोन त्या खणात ठेवायचा, वापरायचा नाही, लेक्चरसाठीसुद्धा नाही. आधी मुलांनी बोंब मारली म्हणे. "आप्पा, पीडीएफ फोनमध्येच शे, मग वाचाव काय?" आप्पांनी खालच्या झेरॉक्सवाल्याशी बोलून प्रिंटचा दर पानाला एक रुपया करून घेतला. आता त्या अडीच तासांत कागदाची सळसळ सोडली तर आवाज नसतो, आणि तेवढ्यात माझं जे होतं ते उरलेल्या दिवसभरात होत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय की फोनमुळे एकदा लक्ष उडालं की ते पुन्हा जाग्यावर यायला मुलांना वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. आमच्या हॉलमध्ये दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी फोन घरघरतो, त्यावरून दुपारच्या सत्राचा हिशोब तुम्हीच करा.

दुसरी चांगली गोष्ट फळा. रोज सकाळी आप्पा स्वतःच्या अक्षरात दहा घडामोडी लिहितात. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, ते इथे कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळेल. आप्पांनी ते ऐकून सुरू केलं की सहज सुचलं, माहीत नाही. मौज अशी की साडेआठला फोन हातात आले की पोरं पहिलं काम करतात ते फळ्याचा फोटो काढायचं. फोटो गटावर जातो, तिथून दुसऱ्या गटावर, आणि दुपारपर्यंत धरणगावच्या एखाद्या पोराच्या फोनवरून तो पुन्हा इथेच येतो, 'अतिशय महत्त्वाचे, जतन करा' असं लिहून. वहीत उतरवून घेणाऱ्या चारच जणी. त्या चौघींना दुसऱ्या दिवशी विचारलं तर दहापैकी सात-आठ सांगतात.

लेक्चरांबद्दल मात्र शिक्षिका म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. मी बालमानसशास्त्राचे ऐकते. दीड तासाच्या तासात पहिली दहा मिनिटं 'आवाज येतोय का मित्रांनो', मग लाइक, मग टेलिग्राम, मधे बॅचची जाहिरात, आज रात्री बारापर्यंतच सवलत (ती महिनाभर रोज रात्री बारापर्यंतच असते). मुलं म्हणूनच दुप्पट वेगाने ऐकतात. सुरुवातीला मला ते चिवचिवाटासारखं वाटायचं, आता सव्वापटीवर मीही आले आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं होतं, दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नाही असं त्यांना आढळलं. तेव्हा वेगाला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती आशयाच्या वाळवणाला.

मुलांची विचारशक्ती कशी वाढते ते सांगणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. माझ्या सरांनी तासात पियाजेच्या चार अवस्था एका अक्षरयुक्तीत बसवून दिल्या : संवेदक-कारक शून्य ते दोन वर्षं, पूर्वक्रियात्मक दोन ते सात, मूर्त क्रियात्मक सात ते अकरा, पुढे औपचारिक. संधारण कुठे येतं? मूर्तमध्ये. झालं, पुढचा मुद्दा. युक्ती चांगली आहे, परीक्षेत एक गुण नक्की. पण संधारण म्हणजे काय हे त्या तासातून ज्याला कळलं त्याने हात वर करावा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत एक तांब्याभर पाणी घेतलं, पहिलीच्या पोरांसमोर ते परातीत ओतलं आणि विचारलं, आता पाणी जास्त झालं, कमी झालं की तेवढंच? पहिलीतले बहुतेक म्हणाले कमी झालं, कारण परातीत तळाशी दिसतं. एकाने तर सांगितलं, "परात पी ग्यी." चौथीतल्यांना विचारलं तर ते माझ्याकडे बघून हसले, बाईंना एवढंही कळत नाही म्हणून. पहिली आणि चौथी एकाच व्हरांड्यात बसतात, त्यामुळे भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे कळणं, म्हणजेच संधारण, ही पियाजेची आख्खी पायरी मला दहा पावलांत दिसली. हे मी अठरा-एकोणीस वर्षं रोज बघते आहे. तरी परीक्षेसाठी मला ते अक्षरयुक्तीतून शिकावं लागतं, आणि ज्या पोरींनी डी.एड. करोनाच्या काळात फोनवरच केलं त्यांना पहिलीतलं पोर समोर बसवून बघायलाच मिळालेलं नाही. त्यांच्या दृष्टीने पियाजे म्हणजे ती युक्तीच.

आणि आम्ही आधीच नोकरीत असलेलेही काही सोवळे नाही. गेल्या काही वर्षांत जी ऑनलाइन प्रशिक्षणं झाली, त्यांतले किती व्हिडिओ स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकटेच चालले आणि प्रमाणपत्र घेऊन थांबले, हे आमच्या केंद्रातल्या कुकरच्या शिट्ट्यांना विचारा.

खरा अभ्यास जिन्यात होतो. हॉलमध्ये बोलायची बंदी, म्हणून शंका घेऊन सगळे जिन्याच्या पायऱ्यांवर येतात. तिथे मला माझाच एक विद्यार्थी भेटला. माझ्याकडून चौथी शिकून गेलेला, आता पोलीस भरतीचं करतोय, पहाटे प्रताप कॉलेजच्या मैदानावर सोळाशे मीटर पळून इथे येतो. मला बघून आधी हातातला चहा मागे लपवला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही इथं?" खालच्या टपरीवाल्या भाऊंनी तर उघडच विचारलं, "काय बाई, तुम्हले बी परीक्षा शे का?" म्हटलं, शे ना भाऊ.

काळ-काम-वेगाची गणितं माझी मेली हळू होतात. पोराने मला त्याची रीत दाखवली. एक काम एक जण बारा दिवसांत करतो, दुसरा पंधरा दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत? मी एक छेद बारा अधिक एक छेद पंधरा मांडत होते. तो म्हणाला, "बाई, लसावि काढा, साठ. साठ भागिले बारा पाच, साठ भागिले पंधरा चार. पाच न् चार नऊ. साठ भागिले नऊ. सहा पूर्णांक दोन तृतीयांश." दहा सेकंदांत. व्हिडिओवाल्या सरांनी शिकवलेली रीत. मी विचारलं, साठ कुठून आले? म्हणाला, मानायचे. का मानायचे? गप्प. सरांनी सांगितलं नव्हतं आणि व्हिडिओला तो विचारू शकत नव्हता. म्हणजे टिप्पणीत विचारलं होतं त्याने, उत्तरादाखल एक हात जोडलेलं चित्र आलं होतं.

मग मी म्हटलं, वावरात कपाशीच्या साठ ओळी निंदायच्या आहेत असं धर. पहिला बारा दिवसांत सगळ्या निंदतो, मग दिवसाला किती? पाच. दुसरा? चार. दोघं मिळून दिवसाला नऊ ओळी. सहा दिवसांत चोपन्न झाल्या, सहा उरल्या, सातव्या दिवशी नऊपैकी सहाच ओळींचं काम, म्हणजे दोन तृतीयांश दिवस. पोराने असं काही बघितलं की जणू मी त्याच्या घरातलीच वस्तू काढून दाखवली. त्याने निंदणी स्वतः केलेली आहे. "म्हणजे साठच्या जागी एकशेवीस ओळी धरल्या तरी चालतील ना बाई?" चालतील. करून बघितलं त्याने तिथेच, पायरीवर खडूने. उत्तर तेच आलं तेव्हा शेजारच्या तीन पोरांनीही वह्या काढल्या. त्याबदल्यात तो मला रोज पाच गणितं त्याच्या रीतीने घालतो, घड्याळ लावून, आणि मी त्यांना प्रयोग आणि समास घालते. एकट्याला न जमणारं जाणत्याच्या मदतीने जमतं, त्या टप्प्याला मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की 'समीपस्थ विकासाचं क्षेत्र' म्हणतो; त्यावर एका गुणाचा प्रश्न येऊ शकतो असं माझे सर म्हणतात. येऊ दे.

फुकट मिळणाऱ्या मालाची पारख हा मात्र दुखरा विषय आहे. एका चॅनलच्या सराव प्रश्नमालिकेत जळगावच्या विद्यापीठाची स्थापना १९८९ ची दिली होती. ते साल नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं. आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे आताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, १५ ऑगस्ट १९९० चं. विद्यापीठ इथून जेमतेम साठ किलोमीटरवर, आमच्या हॉलमधल्या निम्म्या मुलींच्या पदवीवर त्याचा शिक्का आहे, आणि तरी दहा-बाराजणींच्या वहीत १९८९. मी दाखवून दिलं तर एक म्हणाली, "पण ताई, सरांचे दोन लाख सबस्क्रायबर आहेत." मी विद्यापीठाचंच संकेतस्थळ उघडून दिलं तेव्हा तिने खोडलं, तेही पेन्सिलीने, न जाणो सर बरोबर निघाले तर.

यात मुलांना नुसता दोष देण्यात अर्थ नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, शुल्क नऊशे ते हजार रुपये, परीक्षा कितीतरी सत्रांत संगणकावर झाली, आणि सत्रांची काठिण्यपातळी जुळवताना दोनशेपैकी दोनशे चौदा गुण पडलेली यादी लागली. ज्यांनी ती यादी पाहिली आहे त्यांना 'नीट अभ्यास कर, सगळं होईल' हे वाक्य माझ्या तोंडून ऐकताना काय वाटत असेल? मग ती सरांवर विश्वास ठेवतात, सरांच्या युक्त्यांवर ठेवतात, आणि निवड झालेल्या पोराच्या गुलालात माखलेल्या, जेसीबीवरून फुलं उधळणाऱ्या रीलवर ठेवतात. दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा रोज बारा तासांच्या टायमरचा फोटो स्टेटसला लावतो. तो जिन्यातच जास्त दिसतो. पण त्याच्या स्टेटसमुळे दुसरी चार पोरं उशिरापर्यंत बसतात, हेही मी पाहिलं आहे.

रात्री आठला आमचा हॉल बंद होतो याबद्दल मुलींचा राग आहे आणि तो रास्त आहे. सहाशे रुपये त्याही भरतात, मुलांना मात्र बारापर्यंत. आप्पा म्हणतात पालकच सांगतात. असतील सांगत. मुलींनी त्यावर स्वतःच मार्ग काढला. रात्री नऊ ते अकरा त्या गुगल मीट लावतात. कॅमेरा चेहऱ्यावर नाही, वहीवर. आवाज बंद. कुणी कुणाशी बोलत नाही, फक्त आठ-नऊ चौकटींत आठ-नऊ वह्या आणि लिहिणारे हात. कुणाचा हात बराच वेळ दिसला नाही की दुसरी गटावर एक ठिपका टाकते. मला त्यांनी घेतलं ते 'मॅडम आहेत, शिस्त राहील' म्हणून. पहिल्याच रात्री माझ्या चौकटीत कणीक मळलेले हात दिसले आणि ठिपके आले. ही कल्पना त्यांना कुठल्या सरांनी दिली नव्हती. वायफायवर, चॅनलांवर आणि पीडीएफवर एवढं लिहूनही मी म्हणेन की या पोरींनी फोनचा केलेला सर्वांत शहाणा वापर हाच.

बाकी तक्रारी पटकन. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे, सांगून महिना झाला. कूलरच्या खालच्या रांगेत बसलात तर पानं उडतात आणि दमट वासाने डोकं धरतं. वाढदिवसाचा केक हॉलमध्ये कापायची पद्धत बंद व्हावी. झेरॉक्सवाला प्रिंट एक रुपयात देतो, पण त्याच्या संगणकावर पेनड्राइव्ह लावू नका, फाइल मेलवर पाठवा. दिवाळीच्या सुटीत दिवसभर बसायला मिळालं, तेव्हा कापूस वेचणीमुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. घरची मजुरी वाचवायला पोरं वावरात गेली होती. आप्पांनी त्यांची त्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात धरली, मागितली नसतानाही. हे लिहायलाच हवं.

पाचपैकी चार तारे. एक तारा आठ वाजताच्या कुलपासाठी कापला आहे. कडी बसवली आणि कुलूप दहावर नेलं तर साडेचार करीन, पाच मात्र वायफाय सुधारल्यावरच.

जाणार असाल तर सकाळच्या सत्रासाठीच जा, आणि पहिल्या मजल्यावर मागच्या भिंतीकडची जागा मागा, खिडकीकडची नको. खिडकीखाली लग्नसराईत वरातीचा डीजे थांबतो. चौदा नंबरची खुर्ची डुगडुगते, ती दिली तर आप्पांना तिथल्या तिथे बदलून मागा, ते देतात. दुचाकी औषधवाल्याच्या दारात लावू नका.